नोटिशीची मागची बाजू

अप्पा, तुमच्या नगरपालिकेच्या आवारात मागच्या महिन्यात आम्ही चार दिवस जेवलो. नुसतं जेवलो नाही, भांडलोही, पण आठवायला बसले की आधी जेवणच डोळ्यांपुढं येतं. ज्या व्हरांड्यात तुम्ही लाकडी स्टुलावर बसून साहेबांच्या घंटीकडं कान लावून असायचात, तिथं सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर माळावरच्या पस्तीस-चाळीस बाया, मधे धपाट्यांची चवड, शेंगदाण्याची चटणी, फोडलेले कांदे आणि दुधाच्या कॅनमधून आणलेलं ताक. इमारत तीच आहे. तुमच्या वेळचा पिवळा रंग जाऊन गुलाबी आलाय, पत्रे जाऊन स्लॅब आलाय. वसुली विभागाचं दार मात्र अजून फरशीला घासतं. तो आवाज ऐकला आणि मी धपाटं हातात धरून तशीच थांबले. वाटलं, आता तुम्ही खाकी टोपी काखेत मारून बाहेर याल, इकडंतिकडं बघाल आणि हळूच म्हणाल, "तू हितं कशाला आलीस? घरी जा बघू."

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी आता सत्तावन्न वर्षांची आहे, मला नातू आहे, माझ्या गिरणीवर दळण घेऊन येणारी निम्मी माणसं मला मावशी म्हणतात आणि उरलेली आज्जी. तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. म्हणून लिहिते आहे. लिहिण्याला आवाज नसतो.

तुमची नोकरी आपल्या घरात शिरायची ती स्वयंपाकघरातून. शिमगा जवळ आला की वसुलीचा हंगाम सुरू व्हायचा आणि आई चुलीवर खळ शिजवायला ठेवायची. पोचे पडलेलं जर्मनचं पातेलं, त्यात गव्हाचं पीठ, पाणी, आणि उंदरांनी कागद कुरतडू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. ढवळायचं काम माझं. खळ गार झाली की तुम्ही ती डब्यात भरायचात, डबा सायकलच्या हँडलला अडकवायचात, नोटिसांची चळत पिशवीत घालायचात आणि निघायचात. ज्यांची घरपट्टी थकली त्यांच्या दारावर नोटीस चिकटवायची, हे तुमचं काम. गावात तुम्हाला कुणी 'या, बसा' म्हणत नाही, हे मला फार लवकर कळलं. तुमची सायकल गल्लीत शिरली की दारं आतून लागायची. तुम्हाला ते बरंच वाटत असेल. दार लागलेलं असलं की कागद चिकटवायला सोपं.

आणि तुम्ही खळ फार कमी लावायचात. वरच्या दोन कोपऱ्यांना बोटबोटभर, बस. खालचा कागद वाऱ्यावर फडफडायचा, कधी उडूनही जायचा. त्यावरून तुम्हाला एकदा मेमो मिळाला होता. आई हसली होती तेव्हा. "खळ काय तुमच्या पगारातनं जाती व्हय? लावा की सढळ हातानं." तुम्ही म्हणालात, "पुरंल तेवढीच लावावी." आम्ही दोघी ते तुमचं चिक्कूपण समजलो. तुम्ही चहात साखरही कमीच घालायचात.

एक दिवस खळ ढवळता ढवळता मी चळतीतली वरची नोटीस उचलली आणि मोठ्यानं वाचली. सातवीत असेन. शाळेत प्रार्थना मीच सांगायची, त्यामुळे काहीही हातात आलं की मोठ्यानं वाचायची सवय. "पाणीपट्टी," मी वाचलं, आणि म्हणाले, "अप्पा, ह्यांच्या गल्लीत तर नळच न्हाय. मग पाणीपट्टी कशाची?" तुम्ही चुलीजवळ आलात, माझ्या हातातला कागद काढून घेतलात. मारलं नाही, तुम्ही कधीच मारलं नाही. एवढंच म्हणालात, "बाई, आवाज खाली. भिंतीपल्याड हेडक्लार्कचा भाचा राहतो. आपलं पोट ह्या कागदावर हाय." मग कागद चळतीत सारखा करून ठेवलात आणि कितीतरी वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिलात. त्या दिवसापासून घरात मी हळू बोलायला लागले आणि बाहेर त्याचा वचपा काढायला लागले. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला खडूनं खूण केली तिथनं पुढं येऊ देऊ नका, फळा हादरतो.

घंगाळाचा विषय मी तुमच्यापाशी कधी काढला नाही. शाळा सुटलेली आहे, मी बाजाराच्या कोपऱ्यावर येते आहे, समोरून हेडक्लार्क येतोय, त्याच्या मागं तुम्ही, आणि तुमच्या डोक्यावर तांब्याचं घंगाळ. वेशीजवळ राहणाऱ्या एका विधवा बाईचं, जप्तीत आणलेलं. ऊन त्या तांब्यावर पडून तुमच्या कपाळावर तांबूस उजेड येतोय. तुम्ही मला बघता, आणि बघितलंच नाही असं करून पुढं जाता. घरी आल्यावर आई ताट वाढते, तुम्ही हात धुऊन बसता, भाकरी मोडता आणि मोडलेली तशीच ठेवता. "सरकारी काम हाय," तुम्ही म्हणता. कुणी काही विचारलेलं नसतं.

रिटायर झाल्यावर हातात आलेल्या पैशांतून तुम्ही मला गिरणी घेऊन दिलीत. भावकीतले म्हणत होते, लग्न झालेल्या पोरीला कुणी गिरणी देतं का, घराला स्लॅब टाका. तुमच्या जावयांची नोकरी तेव्हा सुटलेली होती, मी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात होते, आणि तुम्ही एक दिवस टेम्पोत दगड, मोटार, पट्टा सगळं घालून आमच्या दारात उभे राहिलात. गिरणी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा इतका आवाज झाला की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येईना. तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणलंत आणि ओरडून म्हणालात, तुम्हाला ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं, "आता किती बी मोठ्यानं बोल, बाई. हितं कुणाला ऐकू जात न्हाय." आणि हसलात. तुमच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. पुढं तीनच वर्षं तुम्ही होतात. रोज चार वाजता येऊन पोत्यावर बसायचात आणि आलेल्या प्रत्येकाला "बसा" म्हणायचात, जणू आयुष्यभर ऐकायचा राहिलेला शब्द आता वाटून टाकायचा होता.

आता माळाचं सांगते. तुम्ही असताना तिथं मेंढरं बसायची. बारा वर्षांखाली आम्ही तिथं जागा घेतली आणि गिरणी तिकडं नेली. ड्रायव्हर, गवंडी, हॉटेलात भाकरी थापणाऱ्या बाया, उमरग्याच्या दवाखान्यांत कामाला जाणाऱ्या दोघी-तिघी, दोन मास्तर, अशी वस्ती आहे. एकेक खोली वाढवत घरं झालेली. मग नगरपालिकेची हद्द वाढली आणि माळ गावात आला. आम्ही खव्याचे पेढे वाटले त्या दिवशी. आता रस्ता होईल, गटार होईल, नळ येतील. झालं काय, तर विजेचे नऊ खांब उभे राहिले, त्यांवर दिवे नाहीत. पाइप पुरले, त्यांत पाणी नाही. पावसाळ्यात बाया चपला हातात घेऊन दळणाला येतात, कारण काळी माती चप्पल ठेवून घेते. कुणाकडं जावं तर तो वर बोट दाखवतो. मुंबईला आपला जिल्हा दिसत नाही, जिल्ह्याला आपलं गाव दिसत नाही, आणि गावाला आमचा माळ दिसत नाही.

यंदा मात्र माळ दिसला. प्रत्येक घराला नोटीस आली, कर तिपटीनं वाढवलेला. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर. न भरल्यास जप्ती. आता नोटीस दारावर चिकटवत नाहीत, हातात देऊन सही घेतात. माझ्या गिरणीत त्या दिवशी दळण कमी आणि रडारड जास्त होती. भाकरी थापणारी एकजण म्हणाली, "मावशी, ह्यात माझं दोन महिन्याचं पोट जातंय." मोर्चा काढायचं ठरलं. काढला. गावातले पुढारी पुढं चालले, आम्ही मागून घोषणा दिल्या, घसे बसवून घेतले. पायरीवर कुणीतरी निवेदन घेतलं, फोटो निघाला, "विचार करू" म्हणाले. पुढारी तिथनंच चहाला गेले. आम्ही चिखल तुडवत परत आलो आणि आपापल्या कामाला लागलो.

नोटीस मी गिरणीतल्या पेटीवर टाकून दिली होती. तिच्यावर पिठाचा थर बसला. एका सकाळी झटकायला म्हणून उलटी केली तर मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं. चष्मा पुसून वाचली. आकारणी मान्य नसल्यास तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येईल, आणि हरकतदारास समक्ष म्हणणं मांडण्याची संधी देण्यात येईल. मी गिरणी बंद केली. दळणाला थांबलेल्या बायांना वाटलं, लाईट गेली. मी त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एकीनं विचारलं, "म्हंजे काय, मावशी?" मी म्हणाले, "म्हंजे ज्याला पटत न्हाय त्यानं तसं लिहून द्यायचं, आन् त्यांनी ते समोर बसवून ऐकायचं." "एकेकाचं?" "एकेकाचं." तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग माझं लिव्हा. मला लई बोलायचंय."

अकरा दिवस उरले होते. त्या अकरा दिवसांत माझ्या गिरणीत जेवढं पीठ पडलं तेवढेच कागद पडले. दळण होतंय तोवर हरकत, असा नियमच झाला. मी विचारायची, तुझ्या घरापुढं काय आहे आणि काय नाही ते सांग, आणि ती सांगेल तसं लिहायची. सुरुवातीला बाया "तुमीच घाला काहीतरी" म्हणायच्या. मग एकदा तोंड उघडलं की चार-चार पानं. एकजण म्हणाला, एकच लिहू आणि झेरॉक्स काढू. मी नको म्हटलं. एकच कागद असला तर एकदाच ऐकतील. तुमचे जावई, जे लग्नापासून माझ्यापुढं चार वाक्यांच्या वर बोललेले नाहीत, ते पेटीवर बसून कागदांना नंबर घालायला लागले. प्रत्येक कागदावर पिठाची बोटं उमटलेली. ते म्हणाले, "ह्ये झटकू का?" मी म्हणाले, राहू द्या, कुठनं आलेत ते कळंल.

मी घाबरले नव्हते असं नाही. सातव्या दिवशी पालिकेतला एक कारकून दळणाच्या निमित्तानं आला. डबा ठेवला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या गिरणीचा परवाना एकदा तपासावा लागंल. निवासी जागेत हाय न्हवं?" एवढंच. डबा घेऊन गेला. गिरणी गेली तर आम्ही काय खाणार, आणि तुमची एवढी एकच वस्तू माझ्यापाशी, ती मीच माझ्या तोंडानं घालवायची का? दोन दिवस मी लिहिलं नाही. बाया येऊन बसायच्या आणि मी हात दुखतोय म्हणायची. तिसऱ्या दिवशी तुमच्या जावयांनी गिरणीचे सगळे जुने कागद ट्रंकेतून काढून माझ्यापुढं ठेवले. परवाना होता, नूतनीकरणाच्या पावत्या होत्या, एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. पहिल्या तीन वर्षांच्या पावत्या तुमच्या हातच्या, दोऱ्यानं शिवलेल्या. ते म्हणाले, "बघू दे की त्यांना. बघतील आन् जातील." त्यांचं ह्या वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण. मी पेन घेतलं.

दोनशेच्या वर हरकती झाल्या. माळावरच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बसून आम्ही दिवस आणि पाळ्या लावल्या, तिथं पंखे आहेत आणि फरशी आहे. रोज कुठल्या गल्लीनं जायचं, त्या दिवशीचं जेवण कुठल्या गल्लीनं करायचं. गठ्ठा द्यायला गेलो तेव्हा आवक-जावक सांभाळणारी मुलगी शिक्के मारून दमली आणि शेवटी तिनं शिक्का माझ्या हातात दिला. तुमच्या कचेरीचा शिक्का मी मारला, अप्पा. चांगले पन्नासएक मारले.

सुनावणी घ्यायला नव्यानं बदलून आलेल्या मुख्याधिकारी मॅडम होत्या. तरुण आहेत, आवाज मऊ आहे. त्यांनी अर्ध्या तासाची वेळ ठेवली होती. आवारात माणसं बघून म्हणाल्या, "एकत्रित सुनावणी घेऊ. तुमच्यातले पाच प्रतिनिधी आत या." मी पायरीवर उभी राहिले आणि गिरणी चालू असताना बोलते तशी बोलले. "मॅडम, नोटिशीच्या मागं लिहिलंय, हरकतदारास संधी देण्यात येईल. पाच जणांस असं न्हाय लिहिलेलं." वसुली विभागातले दोघं खिडकीशी आले. मॅडमनी नोटीस मागवली, उलटी केली, वाचली. मग परत वाचली. म्हणाल्या, "बरोबर आहे. पहिला नंबर कोणाचा?"

आणि मग जे सुरू झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. दिवाबत्ती कराच्या हरकतीला म्हैसवाले काका उभे राहिले. मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरासमोर खांब आहे ना?" ते म्हणाले, "हाय की. लई मजबूत हाय. त्याला आमची म्हैस बांधतो." वृक्ष कराला एकीनं लिंबाची फांदी आणली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "ह्ये आमच्या माळावरचं झाड. एकच हाय. म्या लावलं, म्या पाणी घातलं. तवा कर म्या तुमाला द्यायचा का तुमी मला?" मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते कागदात तोंड घालून लपवलं. अग्निशमनाला एक ड्रायव्हर म्हणाला, गाडी ओढ्याच्या अलीकडंच थांबते, मागं कडबा पेटला तेव्हा आम्हीच विझवला, तर आम्हाला अग्निशमन दलात घ्या. भाकरी थापणारी, जिला लई बोलायचं होतं, ती आत गेली, खुर्चीत बसली आणि पाच मिनिटं एक अक्षर बोलली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, मला कुणी साहेबानं आजवर बसा म्हणलं न्हवतं. त्यातच येळ गेला." मॅडमनी तिला परत आत बोलावलं. मग ती वीस मिनिटं बोलली.

आत सुनावणी, बाहेर व्हरांड्यात पंगत. दुसऱ्या दिवसापासून कचेरीतले लोकही ताट घेऊन बसायला लागले. परवाना तपासणारा कारकूनही आला. मी त्याला ताक वाढलं आणि म्हणाले, "परवाना पिशवीत आणलाय. जेवल्यावर बघता का?" तो म्हणाला, "राहू द्या मावशी," आणि दुसरा पेला मागितला. कुणीतरी भजन सुरू केलं, कुणीतरी भीमगीत. आवारातल्या चाफ्याखाली लेकरं झोपली. इतकी वर्षं मी त्या आवाराकडं तोंड करून चालले नव्हते, आणि आता तिथं पाय पसरून बसले होते.

त्याच दुसऱ्या दिवशी नातसुनेच्या हाताला धरून एक म्हातारी आली. वाकलेली, कानात जुन्या बुगड्या. तिचा मुलगा माळावर राहायला आलाय, घर तिच्या नावावर. मी तिला ओळखलं नाही. तिनं माझ्याकडं बघून नातसुनेला विचारलं, ही कुणाची, आणि तिनं सांगितल्यावर म्हणाली, "मग हिच्या बापानं माझं घंगाळ नेलं." मला वाटलं, जमीन फाटावी. मी तिच्यापुढं बसले आणि म्हणाले, "व्हय आज्जी. मी बघितलं होतं." म्हातारी म्हणाली, "बघितलं आसशील. पर फुडलं कुठं बघितलंस?"

पुढचं तिनं सांगितलं. दुसऱ्या वर्षी तुम्ही तिच्या दाराला नोटीस लावायला गेलात. तिनं तुम्हाला शिव्या घातल्या. तुम्ही त्या ऐकून घेतल्या, वरच्या दोन कोपऱ्यांना खळ लावलीत, कागद चिकटवलात आणि खालून उचलून तिला दाखवलंत. "तुझा बाप म्हणला, मावशे, ह्या कागदाची मागची बाजू कुणाकडनं तरी वाचून घे. म्हणून मी खाली चिकटवत न्हाय. पुरा चिकटवला तर मागचं कुणाला दिसायचं न्हाय. पर मी सांगितलं म्हणू नको." तिनं मास्तरांकडून वाचून घेतलं, दरखास्त दिली, तिचा कर निम्मा झाला. मग तिनं शेजारणीला सांगितलं. "वेशीपासल्या समद्या बायांनी दिली दरखास्त," म्हातारी म्हणाली. "हेडक्लार्कला कळंना, ह्यांला शिकीवतंय कोण. तुझ्या बापाला इचारलं तर म्हणला, मला वाचाया कुठं येतंय."

तुम्हाला वाचता येत होतं. चांगलं येत होतं. मी तिथंच हसायला लागले, अप्पा, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला पदर घेतला तर पदराला पीठ. म्हातारी म्हणाली, "आता रडतीस का हसतीस? माझा नंबर किती हाय ते बघ आदी." तिचा एकोणसत्तरावा होता. ती आत गेली आणि मॅडमना म्हणाली, "मी ह्या आदीबी दरखास्त दिलीय. तवा बी मी खरी होते."

तुमचा मला राग होता, हे आता लिहायला हरकत नाही. घंगाळाचा होता आणि त्याहून जास्त त्या 'आवाज खाली'चा. मला वाटायचं तुम्ही भित्रे आहात. तुम्ही भित्रे होतातच. मेमो आला त्या रात्री तुम्ही दाराला कडी घालून तो तीनदा वाचलात, मी बघितलं होतं. पण तेवढ्या भीतीतही गावभर वाऱ्यावर फडफडणारे कागद लावत हिंडायचं, आणि बायको-पोरगी चिक्कू म्हणाल्या तरी गप्प बसायचं. आईला हे कळलं असतं तर तिनं पातेलंभर खळ तुमच्या ताटात वाढली असती, एवढं चिडून आणि एवढ्या आनंदानं.

सुनावणी संपल्यावर मॅडम स्वतः माळावर आल्या. गाडी ओढ्याशी थांबली, तिथून चालत. आदल्या दिवशी अवकाळी पडून गेला होता. त्यांची एक सँडल मातीनं ठेवून घेतली, ती काढायला तीन बाया वाकल्या. त्यांनी खांब मोजले, नळाच्या तोट्या उघडून बघितल्या, लिंबाखाली उभ्या राहून पाणी प्यायल्या. पंधरवड्यात आदेश आला. ज्या घराला जी सोय नाही, त्या घराला ती सोय येईपर्यंत त्या सोयीचा कर नाही, आणि घरपट्टीची वाढ मागं. दिवे मात्र लगेच लागले. संध्याकाळी म्हशीला खांबापासून सोडवलं तर ती जाईना, दिव्याकडं तोंड करून उभी राहिली. रस्ता अजून नाही. तो होईल का, आणि कधी, ते मला माहीत नाही. पण आता दळणाला आलेल्या बाया कुठलाही कागद हातात पडला की आधी उलटा करून बघतात, मेडिकलची पावतीसुद्धा.

हा कागद मी पोस्टात टाकणार नाही. तुमच्या नावानं पत्र न्यायला कुणी नाही, आणि घरात ठेवला तर जावई नंबर घालतील. पण एक गोष्ट राहिली, जी मी त्यांनाही सांगितलेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी मला एकटीला आत बोलावलं होतं. म्हणाल्या, "मावशी, मला पटलंय. उरलेल्यांना ताटकळत ठेवायची गरज नाही, सगळ्यांना एकच निकाल देते. उद्या येऊ नका." मी म्हणाले, न्हाय मॅडम, लिहिलंय तसं व्हायला पाहिजे, प्रत्येकाचं ऐकायला पाहिजे. बाहेर येऊन सांगितलं तर माळावरचे सगळे म्हणाले, मावशी तत्त्वाला पक्की आहे. अजून म्हणतात. तत्त्व वगैरे काही नव्हतं, अप्पा. चौथ्या दिवशी खालच्या गल्लीची हुलग्याच्या शेंगोळ्या करायची पाळी होती, आणि मला तुमच्या कचेरीत अजून एक दिवस मोठ्यानं बोलायचं होतं.